बंदूक कुणाच्या मापाची?

शिंप्याकडे सदरा टाकताना आपण बाही मोजून देतो. कोल्हापुरी घ्यायला गेलो तर पायाचा नंबर सांगतो, वर दुकानात चार पावलं चालूनही बघतो. पण ज्या वस्तूचा दणका सरळ खांद्यावर बसतो, जिच्यावर गाल टेकवून नेम धरायचा असतो, त्या बंदुकीलाही माप असतं हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आज त्याचाच इतिहास सांगतो. पोस्ट मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा. विषय शेवटी आपल्या पोलिसांपर्यंत येतो.

आधीच सांगतो, मी काही बंदुकीचा शौकीन नाही. कॉलेजात एनसीसीला होतो, तिथे पॉईंट टू टू रायफलीच्या मोजक्या गोळ्या झाडल्या, एवढीच ओळख. आमच्या तुकडीत सहा फुटी पोरगा होता आणि पाच फुटीही. रायफल दोघांना तीच. त्या रायफलीला धक्का जवळजवळ नसतोच, त्यामुळे खांदा कुणाचा दुखला नाही. पण बुटक्या पोराचा हात चापापर्यंत पोहोचेस्तोवर ताणायचा, मान पुढे काढावी लागायची आणि गोळी भलतीकडे जायची. उस्ताद म्हणायचे, "नजर कमजोर आहे तुझी." नजर चांगली होती. दस्ता लांब होता.

आता दस्ता म्हणजे काय, ते बघू. नळीच्या मागचा, हातात आणि खांद्याला धरायचा जो लाकडी भाग, तो दस्ता. त्याचं खांद्याला लागणारं टोक म्हणजे बट. पोलिसांत आणि फौजेत हाच शब्द चालतो. दस्त्याची मापं मुख्यतः तीन. पहिलं, चापापासून बटाच्या टोकापर्यंतची लांबी. मोठ्या माणसांच्या बऱ्याच रायफलींत ती साधारण १३ ते १४ इंच असते. दुसरं, गाल जिथे टेकतो त्या वरच्या कडेची उंची. तिसरं, दस्त्याला डावीकडे किंवा उजवीकडे दिलेला हलकासा बाक, म्हणजे डोळा आपोआप नळीच्या रेषेत यावा.

लांबी जास्त झाली की बट कपड्यात अडकतो, खांद्याच्या खळगीत न बसता दंडावर सरकतो, आणि गोळी सुटली की तिथे काळंनिळं होतं. लांबी कमी झाली की धक्क्याबरोबर स्वतःच्याच हाताचा अंगठा नाकावर बसतो. गालाची कड खाली असेल तर गाल हवेत राहतो आणि दर वेळी डोळा वेगळ्या जागी येतो. मग नेम कसा लागणार? जुने शिकारी एक सोपी परीक्षा सांगतात. हात कोपरात काटकोनात वाकवायचा, रिकाम्या बंदुकीचा बट कोपराच्या खोबणीत टेकवायचा आणि बोटाचं पेर चापावर आरामात येतं का ते बघायचं. परीक्षा ढोबळ आहे, पण मुद्दा लगेच कळतो. हाताची लांबी प्रत्येकाची वेगळी, तर दस्ताही वेगळा हवा.

ही गोष्ट शिकारीच्या जगाला फार पूर्वी कळली होती. उडत्या पाखरावर छऱ्याची बंदूक चालवताना नेम धरत बसायला वेळ नसतो. नळीच्या मागच्या बाजूला नेम जुळवायची खाचही नसते. तिथे डोळा हीच मागची खाच. त्यामुळे बंदूक खांद्याला लागताक्षणी डोळा जागेवर आलाच पाहिजे. १९व्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या बंदूकवाल्यांनी यासाठी खास माप घ्यायची बंदूक तयार केली. तिच्या दस्त्याला सांधे आणि स्क्रू. लांबी, उंची, बाक, सगळं फिरवून जुळवता येई. गिऱ्हाईक रिकामी बंदूक उचलून समोर धरी, कारागीर पुढून बघे की त्याचा डोळा नळीच्या रेषेत येतो की नाही. मग मापं लिहून घ्यायची आणि अक्रोडाच्या लाकडात तसा दस्ता कोरायचा. तयार दस्ता थोडा वाकवायचा असेल तर गरम तेलाने लाकूड तापवून हळूहळू बाक देत. एखाद्याचा उजवा डोळा गेला असेल तर उजव्या खांद्यावर धरून डाव्या डोळ्याने नेम धरता यावा, असा चांगलाच वाकडा दस्ताही बनत असे. माणसाच्या व्यंगासाठी बंदूक वाकवायची, बंदुकीसाठी माणूस नाही!

पण ही चैन कुणाला परवडायची? लंडनच्या नामांकित बंदूकवाल्यांच्या भारतीय गिऱ्हाइकांत राजेमहाराजे मोठे. दुसरीकडे १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य भारतीयाला बंदूक ठेवायला परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. म्हणजे ज्याच्या शेतात रानडुक्कर घुसायचं, त्याच्या हाती असली तर जुनी ठासणीची बंदूक. ज्याला शिकार हा खेळ होता, त्याच्या खांद्याचं माप विलायतेच्या वहीत. माप कुणाचं घेतलं जातं, यावरून राज्य कुणाचं आहे ते कळतं, असं मला ही माहिती वाचताना सारखं वाटत राहिलं.

आता फौजेकडे वळू. फौजेत हजारो माणसं, प्रत्येकाचं माप कोण घेत बसणार? तरी तिथेही एक तोड निघाली, आणि ती आपल्या ओळखीच्या रायफलीत. थ्री नॉट थ्री, म्हणजे ली-एनफिल्ड. २०व्या शतकाच्या सुरुवातीला तिची आखूड आवृत्ती आली आणि पुढे दोन्ही महायुद्धांत भारतीय शिपायांनी ती खांद्यावर वागवली. कोलकात्याजवळ ईशापूरच्या कारखान्यात ती अनेक दशकं बनली. त्या काळच्या जर्मन माउझरचा लाकडी दस्ता पुढपासून मागपर्यंत एकसंध. ली-एनफिल्डचा मात्र दोन तुकड्यांचा. मागचा बट एका लांब बोल्टने घट्ट बसवलेला. बटाच्या पितळी पत्र्यातलं छोटं झाकण उघडायचं, आतली तेलाची बाटली बाहेर काढायची, लांब स्क्रू-ड्रायव्हर घालून बोल्ट फिरवायचा, की बट हातात. दुसरा बसवायचा, झालं काम.

याचा फायदा घेऊन या रायफलीचे बट वेगवेगळ्या लांबीचे केले गेले. नेहमीचा, त्याहून अर्धा इंच लांब, अर्धा इंच आखूड, आणि पूर्ण एक इंच आखूड असा बँटम. ओळखायला बटाच्या वरच्या अंगाला इंग्रजी अक्षराचा ठसा. बँटम म्हणजे कोंबड्याची बुटकी जात. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या अखेरीस, उंचीत बसत नाहीत म्हणून परत पाठवलेल्या पाच फूट ते पाच फूट तीन इंच उंचीच्या माणसांच्या वेगळ्या पलटणी इंग्लंडात उभ्या राहिल्या. त्यांनाही बँटमच म्हणत. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच्या रायफलीतही साहेबाने एवढं मान्य केलं होतं, की सगळे शिपाई एका मापाचे नसतात.

पुढे मात्र गाडी नेहमी पुढेच गेली असं नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेने आपल्या एम-१६ रायफलीची नवी आवृत्ती काढली, तिचा दस्ता आधीपेक्षा सुमारे पाऊण इंचाच्या आतबाहेर लांब केला. नंतर अंगावर जाड चिलखती जाकीट चढलं आणि तोच दस्ता अनेकांना लांब पडू लागला. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. माणूस तोच असला तरी कपडे बदलले की माप बदलतं. उन्हाळ्यातल्या खाकी शर्टावर नीट बसणारा बट बुलेटप्रूफ जाकिटावर बसत नाही. उपाय म्हणून मागेपुढे सरकणारा दस्ता रूढ झाला. एक कळ दाबायची, ओढायचा, सोडायचा. एवढंच.

आपल्याकडे थ्री नॉट थ्रीनंतर एसएलआर आली, मग इन्सास. इन्सासचा दस्ता पक्का किंवा दुमडता. दुमडतो तो नेण्या-आणण्याच्या सोयीसाठी. अलीकडे लष्करासाठी घेतलेल्या सिग ७१६ आणि अमेठीजवळ कोरव्याला बनणाऱ्या एके-२०३ या रायफलींचे दस्ते मात्र लांबीला कमी-जास्त होतात. चांगली गोष्ट आहे. पण पोलिसांचं काय?

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत सीएसटी स्टेशनवर पोलिसांच्या हातात थ्री नॉट थ्री होत्या, हे सगळ्या देशाने पाहिलं. तेव्हा चर्चा झाली ती रायफल किती जुनी आहे याची. ती व्हायलाच हवी होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर ही रायफल थेट २०२० च्या प्रजासत्ताक दिनाला निरोप देऊन बाजूला ठेवली. पण हत्यार नवं की जुनं एवढंच आपण विचारतो. ते धरणाऱ्याच्या अंगाला बसतं का, हे कुणी विचारत नाही.

आणि आज हा प्रश्न आधीपेक्षा मोठा आहे. १९९४ च्या महिला धोरणानंतर महाराष्ट्रात सरकारी नोकरीत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे, पोलीस भरतीतही. शिपाई भरतीला पुरुषांची किमान उंची १६५ सेंटिमीटर, महिलांची १५५. कायद्यानेच दहा सेंटिमीटरचा फरक मान्य केलाय. उंचीबरोबर हाताची लांबीही बदलते, खांद्याची रुंदीही. मग बटाचं माप एकच का? वर्दीचं माप दोघांचं वेगळं घेतो, बुटाचं वेगळं घेतो, मग ज्याच्यावर जीव अवलंबून आहे त्याचंच का नाही?

यावर एक उत्तर नेहमी मिळतं: "ऐन वेळी जी रायफल हाती येईल ती चालवता आली पाहिजे." मुद्दा खोटा नाही. दंगलीत कुणी आपली मापाची रायफल शोधत बसणार नाही. पण सरकत्या दस्त्याने नेमका हाच प्रश्न सुटतो. हाती येईल ती रायफल दोन सेकंदांत आपल्या मापाची होते. जुन्या रायफलींनाही उपाय आहेत. बट आणि त्याच्या मागच्या पत्र्यात पाव-अर्ध्या इंचाची चकती घातली की लांबी वाढते, आणि आखूड करायची तर कोतातला आर्मरर ते करू शकतो. हे काही रॉकेट उडवायचं काम नाही.

माप जुळलं की काय होतं, त्याचा पुरावा शोधायला आपल्याला लांब जायची गरज नाही. आपल्याच जिल्ह्यात बघा. राधानगरीचं दाजीपूर हे एकेकाळी कोल्हापूर संस्थानाच्या शिकारीचं रान. १९५८ साली ते अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. पुढे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने देशभरातच शिकारीला चाप बसला. बंदुका भिंतीवर गेल्या. आणि त्याच राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलीत कांस्यपदक आणलं. त्याच्या आधी, २०१० साली, कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने म्युनिकला विश्वविजेतेपद मिळवलं होतं. नेमबाजीत विश्वविजेती झालेली ती पहिली भारतीय महिला.

स्वप्नीलचा प्रकार तीन स्थितींचा: गुडघ्यावर, पालथं झोपून, आणि उभं राहून. या प्रकारात स्थिती बदलली की नेमबाज रायफलीचा बट, गालाचा आधार, सगळं पुन्हा जुळवतो. स्पर्धेच्या घड्याळात त्यासाठी वेळ जातो, तरी तो घालवतात. कारण शरीराची ठेवण बदलली की एकाच माणसाला एकच माप चालत नाही, हे तिथे पहिल्या दिवसापासून शिकवतात. जे कौतुक आपण पदकासाठी करतो, तीच समज आपल्या पोलिसांसाठी का नको?

मला बंदुकांचं राज्य नकोय. पोलिसाला गोळी झाडावीच लागू नये, हेच उत्तम. पण झाडावी लागलीच तर ती जिथे झाडायची तिथेच गेली पाहिजे. गर्दीच्या रस्त्यावर चुकलेली गोळी कुणाला तरी लागतेच, आणि ते तुम्ही-आम्ही असू शकतो. म्हणून हा प्रश्न फक्त पोलिसांच्या खांद्याचा नाही.

तर आपण लोकप्रतिनिधींना तीन साध्या गोष्टी विचारू. नव्या रायफली घेताना दस्ता कमी-जास्त होणारा हवा, ही अट निविदेत असते का? जुन्या रायफलींसाठी कोतात वेगवेगळ्या लांबीचे बट किंवा चकत्या ठेवल्यात का? आणि वार्षिक फायरिंगमध्ये एखाद्या शिपायाचे किंवा ताईंचे गुण कमी पडले, तर शेरा मारण्याआधी बंदूक अंगाला बसते का हे कुणी तपासतं का?

तुमच्या घरात, गल्लीत कुणी पोलिसात असेल तर त्यांनाही विचारा, "रायफल खांद्याला बसते का हो?" उत्तर काय येतं ते नाव न घेता कमेंटमध्ये लिहा. हत्यार किती कोटींचं घेतलं याच्या बातम्या आपण रोज वाचतो. ते कुणाच्या मापाचं घेतलं, हेही एकदा विचारूया.