राजीखुशीने आणि अक्कलहुशारीने

आमच्या सिहोऱ्यात पलटणीतून निवृत्त झालेले एक चाचा होते. शाळकरी वयात मी त्यांना एकदा विचारलं, "चाचा, फौजेत सुई टोचायच्या आधी विचारतात का हो?" ते खळखळून हसले. म्हणाले, "पूछता कौन है, बेटा? लाइनीत उभं राहायचं आणि बाही वर करायची." त्या लशीने त्यांचं वाईट झालं नव्हतं, भलंच झालं असेल. पण ती वर केलेली बाही माझ्या मनात राहून गेली.

सप्टेंबर २००७ मध्ये रावळपिंडीची बातमी वाचली तेव्हा ती पुन्हा आठवली. लंडनच्या 'गार्डियन' दैनिकाने ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातले जुने कागद उजेडात आणले होते. इंग्लंडात पोर्टन डाउन ही रासायनिक युद्धाच्या संशोधनाची संस्था आहे, १९१६ पासूनची. तिथले शास्त्रज्ञ १९३० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत रावळपिंडीच्या लष्करी ठाण्यावर आले आणि दहा वर्षांहून अधिक काळ त्यांनी शेकडो हिंदी शिपायांवर मस्टर्ड वायूचे प्रयोग केले. रावळपिंडी तेव्हा आपल्याच मुलखात होती.

मस्टर्ड म्हणजे मोहरी, पण या वायूचं तिच्याशी नातं वासापुरतंच. १९१७ साली जर्मनांनी तो पहिल्यांदा रणभूमीवर वापरला. अंगाला लागतो तेव्हा फारसं काही जाणवत नाही. काही तासांनी कातडीवर फोड उठतात, डोळे सुजतात. प्रयोग करणाऱ्यांना हवं होतं ते एवढंच, की माणूस निकामी करायला किती वायू लागतो आणि हिंदी कातडी गोऱ्या कातडीपेक्षा जास्त भाजते की कमी! अर्ध्या चड्ड्या आणि सुती सदरे घातलेल्या शिपायांना वायूच्या कोठडीत पाठवत. एकाचा मुखवटा घसरला आणि त्याचे डोळे, चेहरा भाजून निघाला. पुष्कळ जण भाजल्याची नोंद १९४२ च्या अहवालात आहे. त्यांत गोरे शिपाईही होते, हेही सांगायला हवं. काही जणांना इस्पितळात ठेवावं लागलं. 'ते युद्धाचे दिवस होते' असं कोणी म्हणेल. पण प्रयोग सुरू झाले तेव्हा दुसरं महायुद्ध अजून काही वर्षं दूर होतं.

हे शिपाई राजी होते का? कागदांवरून ते स्पष्ट होत नाही.

आपल्याकडच्या खरेदीखतात एक जुनं वाक्य असतं : 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देतो'. कवी म्हणून मला या जोडशब्दांचं फार कौतुक वाटतं. नुसतं राजी असून भागत नाही, आपण काय देतो आहोत हे उमजलेलंही असावं लागतं. एवढ्याशा धुऱ्याच्या तंट्यातही आपण दोन्ही गोष्टी मागतो.

पोर्टन डाउनमध्येच ६ मे १९५३ रोजी रोनाल्ड मॅडिसन हा वीस वर्षांचा हवाईदलाचा जवान प्रयोगात मेला. हातावर बांधलेल्या कापडावर सरीन या विषाचे थेंब टाकले होते. तो आपणहून गेला होता, बदल्यात पंधरा शिलिंग आणि तीन दिवसांची रजा मिळणार होती. त्या काळी तिथे गेलेल्या अनेकांचा समज होता, की सर्दीच्या औषधाचा शोध चालला आहे. म्हणजे राजीखुशी होती, अक्कलहुशारीला वाव नव्हता. २००४ साली नव्याने चौकशी झाली आणि ज्यूरीने हा बेकायदा मृत्यू ठरवला.

आपल्या मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात जे कैदी तयार झाले त्यांना टोचली. कैद्याचा होकार कितीसा मोकळा, हा प्रश्न तिथेही उरतोच. तरी टोचणाऱ्याचा दंड पहिला होता.

१९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेने माणसाच्या स्वेच्छेला पहिलं स्थान दिलं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २००६ च्या सूत्रांत तर कैदी, विद्यार्थी, हाताखालचे नोकर यांच्याच ओळीत सैन्यसेवेतली माणसं घेतली आहेत, कारण यांना 'नाही' म्हणणं जड जातं.

जानेवारी २००८ मध्ये ब्रिटिश सरकारने, जबाबदारी न स्वीकारता, पोर्टन डाउनच्या ३६० माजी सैनिकांना मिळून तीस लाख पौंड दिले. ते हयात होते, दाद मागू शकत होते. रावळपिंडीच्या शिपायांची पुढे तब्येत कशी राहिली, हे प्रयोगानंतर कोणी पाहिलंही नाही. आपापल्या गावी परतल्यावर घरच्यांनी अंगावरच्या डागांबद्दल विचारलं असेल, तेव्हा त्यांनी काय सांगितलं असेल?