एका मडक्यात किती साप?

1891 च्या ऑक्टोबरात व्हिएतनामच्या दक्षिण टोकाला, बाक ल्यू या ठाण्याजवळच्या एका गावात पावसाचं पाणी इतकं चढलं की बिळांतले नाग थेट झोपड्यांमध्ये शिरले. 40 माणसांना दंश झाला आणि चौघं दगावली. एका स्थानिक गारुड्यानं 19 नाग जिवंत धरले आणि पिंपात कोंडले. तिथल्या फ्रेंच अधिकाऱ्यानं ते पिंप सायगावच्या नव्या प्रयोगशाळेत, अल्बेर काल्मेत या तरुण डॉक्टरकडे पाठवून दिलं. पिंप पोचलं तेव्हा त्यातले 14 नाग जिवंत होते. त्यांच्या विषावर काल्मेत यांनी काम सुरू केलं आणि पुढच्या चार-पाच वर्षांत सर्पदंशावरचं प्रतिविष तयार झालं.

उरलेले पाच नाग वाटेत का मेले, याची चौकशी करण्याची गरज त्या काळात कोणाला वाटली नसणार. ज्या प्राण्याला दिसता क्षणी काठीनं ठेचायचं, त्याच्या राहण्याच्या सोयीचा विचार कोण करणार? पण तेव्हापासूनच्या काळात प्राणिसंग्रहालयांना, विषाच्या प्रयोगशाळांना आणि हौसेनं साप पाळणाऱ्यांना एका प्रश्नाला पुन्हा पुन्हा तोंड द्यावं लागलं: साप एकत्र ठेवायचे की एकेकटे? उत्तर हळूहळू मिळत गेलं, आणि दर वेळी त्याची किंमत सापांनी मोजली.

लोकांना तिकीट काढून साप पाहता येतील असं जगातलं पहिलं सर्पगृह लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1849 मध्ये उघडलं. काचेच्या पेट्यांमध्ये बोआ आणि अजगर जोडीजोडीनं किंवा घोळक्यानं ठेवलेले असत. थंडीसाठी पेटीत घोंगडी टाकायची पद्धत होती. एका बोआनं तर भक्ष्याबरोबर घोंगडीच गिळली आणि काही आठवड्यांनी ती ओकून टाकली, ही बातमी तेव्हा बरीच गाजली. या घोंगडीत पुढच्या साऱ्या गैरसमजाचं मूळ आहे. सापाला स्वतःच्या शरीरात पुरेशी ऊब तयार करता येत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते. पेटीत उबदार कोपरा एकच असेल तर सगळे साप तिथंच एकावर एक वेटोळी करून पडतात. काचेबाहेरच्या माणसाला वाटतं, किती गोडीगुलाबीनं राहतात! खरं तर ती त्या एका जागेसाठी चाललेली ओढाताण असते, आणि सगळ्यात तगडा साप सगळ्यांच्या खाली, उबेला चिकटून बसलेला असतो.

याच सर्पगृहात 1894 मध्ये असं काही घडलं की जोडीनं साप ठेवण्याची पद्धत पहिल्यांदा चव्हाट्यावर आली. एका कप्प्यात दोन बोआ होते, एक सुमारे 11 फुटांचा आणि दुसरा सुमारे 9 फुटांचा. संध्याकाळी रखवालदारानं दोघांसाठी कबुतरं टाकली आणि कप्पा बंद केला. सकाळी आत एकच बोआ होता, मोठा. तो इतका फुगलेला होता की त्याला वेटोळंही घालता येत नव्हतं.

असं का झालं, हे सापाच्या जबड्यात डोकावलं की कळतं. सापाचे दात मागच्या बाजूला वळलेले असतात. जबड्याची डावी आणि उजवी बाजू आळीपाळीनं पुढे सरकते, आणि भक्ष्य इंच इंच आत ओढलं जातं. एकदा गिळणं सुरू झालं की थांबणं अवघड. दोन सापांनी एकाच कबुतराची दोन टोकं धरली तर दोघांची तोंडं मधोमध भेटतात. ज्याचा जबडा मोठा, तो कबुतरासकट समोरच्याचं डोकं आत घेतो आणि गिळत राहतो. यात वैर नसतं. त्याच्या लेखी ते लांबलचक कबुतरच असतं. साप पाळणारे आजही एकत्र ठेवलेल्या सापांना एकाच पेटीत खायला घालत नाहीत, त्याचं कारण हे.

लंडनमध्ये सुधारणा झाली ती जोन प्रॉक्टर यांच्यामुळे. आयुष्यभर आजाराशी झगडणाऱ्या या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी 1923 मध्ये सर्पविभागाची सूत्रं हाती घेतली आणि 1927 मध्ये उघडलेल्या नव्या सर्पगृहाचा आराखडा स्वतः केला. प्रत्येक पेटीत विजेची ऊब, तीही सगळीकडे सारखी नाही: एक भाग उष्ण, एक भाग थंड. म्हणजे साप आपल्या गरजेप्रमाणे जागा बदलू शकेल. प्रॉक्टर 34 व्या वर्षी, 1931 मध्ये गेल्या. साप पाळण्याच्या इतिहासात त्यांच्याइतकं दूरचं पाहणारं माणूस क्वचितच सापडेल. साप एक असो की चार, आधी त्याला हलायला जागा आणि निवडायला ऊब हवी, हे त्यांनी विटा-काचांत करून दाखवलं.

तिकडे ब्राझीलमध्ये गणित वेगळं होतं. साओ पाउलोजवळची बुतांतान संस्था सुरू झाली प्लेगच्या साथीमुळे. बुतांतान 1901 मध्ये अधिकृतपणे उभी राहिली आणि तिचे संस्थापक व्हितल ब्राझिल यांनी पहिल्यापासूनच सापांवर लक्ष केंद्रित केलं. शेतकऱ्यांनी साप पकडून लाकडी खोक्यात घालून रेल्वेनं पाठवायचे, बदल्यात त्यांना प्रतिविष मिळायचं. आलेले साप उघड्या आवारात सोडले जात. भोवती बुटकी भिंत, भिंतीच्या आत पाण्याचा चर, आणि मधल्या हिरवळीवर वारुळांसारखे सिमेंटचे घुमट. प्रत्येक घुमटाला बिळासारखी भोकं. त्या घुमटांत जराराका जातीचे विषारी साप दाटीवाटीनं राहत.

हे दृश्य पाहायला जगभरातून माणसं येत. 1913 मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आले. त्यांच्यासमोर मुसुराना नावाचा सापखाऊ साप एका जराराकासमोर सोडण्यात आला. मुसुरानानं त्याला मानेजवळ धरलं, वेटोळ्यात आवळलं आणि शांतपणे गिळून टाकलं. रूझवेल्ट यांनी हा प्रसंग आपल्या ब्राझीलच्या प्रवासवर्णनात मोठ्या कौतुकानं लिहिला आहे. व्हितल ब्राझिल यांना मुसुरानाचं कौतुक उपयोगासाठी होतं: विषारी सापांना खाणारा हा मित्र लोकांनी मारू नये. पण त्या प्रयोगातून आणखी एक गोष्ट उघड झाली होती. ‘साप’ ही एक जमात नाही. कोण शेजारी आणि कोण जेवण, हे जातीवर ठरतं. आपल्याकडेही नागराजाचा मुख्य आहार सापच आहे, मण्यार दुसऱ्या सापांना आणि प्रसंगी मण्यारीलाही खाते, आणि नागसुद्धा संधी मिळाली तर धामणीचं पिल्लू सोडत नाही. सर्पमित्र एका पिशवीत किंवा बरणीत एकच साप घालतात, तो नियम याच अनुभवातून आलेला आहे.

बुतांतानच्या आवारात रेल्वेनं सतत नवे साप येत राहिले. त्यामुळे आतला साप किती दिवस जगतो, याची फिकीर करण्याचं कारण पडत नव्हतं. फिकीर करायला लावली ती रोगानं.

1930 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया प्राणिसंग्रहालयातले साप आतड्यांच्या आजारानं मरू लागले. हर्बर्ट रॅटक्लिफ आणि क्वेन्टिन गाइमन यांनी शोध घेतला तेव्हा दोषी निघाला एक अमिबा. कासवांच्या पोटात तो बहुधा काही त्रास न देता राहतो. तोच सापाच्या पोटात गेला की आतडी सडवतो. पाण्याच्या एकाच कुंड्यातून, रखवालदाराच्या हातातून, झाडूतून त्याच्या कोषांचा प्रवास होतो. दिसायला सुंदर म्हणून कासवं आणि साप एका दालनात ठेवायचे, ही हौस किती महाग पडते ते तेव्हा कळलं. नवा आलेला प्राणी काही आठवडे वेगळा ठेवण्याची शिस्त सर्पगृहांत रुजत गेली ती अशा मरणांनंतर.

भारतात साप वेगळा ठेवण्याचं साधन कुंभाराच्या चाकावर फार आधीच तयार झालं होतं. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीच्या आधी शेताशिवारातून धरलेले नाग मातीच्या मडक्यांत ठेवले जात. न्यायालयाच्या आदेशांनंतर जिवंत नागांची ती प्रथा थांबली. गारुड्याची वेताची टोपली आपल्याला जास्त परिचयाची, पण मडकं त्याहून पुष्कळ चांगलं. याचा सगळ्यात नीट वापर चेन्नईजवळ वडनेम्मेली इथं पाहायला मिळतो. पिढ्यान्‌पिढ्या कातड्यासाठी साप धरणाऱ्या इरुळा समाजाचा धंदा 1972 च्या वन्यजीव कायद्यानं आणि नंतरच्या निर्यातबंदीनं बुडाला. तेव्हा रोम्युलस व्हिटेकर यांच्या मदतीनं 1978 मध्ये इरुळांची सहकारी संस्था उभी राहिली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार साप परवान्यानं धरायचे, काही आठवडे ठेवायचे, ठरावीक अंतरानं विष काढायचं, पोटाच्या खवल्यावर खूण करायची आणि रानात सोडून द्यायचे. देशातल्या प्रतिविषाला लागणाऱ्या विषाचा फार मोठा वाटा इथून जातो.

आणि हे साप राहतात मडक्यांत. निम्मं मडकं वाळूनं भरलेलं, तोंडाला सुती फडकं दोरीनं आवळून बांधलेलं. माती पाझरते म्हणून आत गारवा राहतो. अंधार असतो, आणि गोल भिंत सापाच्या अंगाला चहूबाजूंनी टेकते. बिळात त्याला नेमकं हेच हवं असतं. फडक्यातून हवा जाते आणि साप बाहेर येत नाही. काचेच्या भव्य पेटीत उघड्यावर पडलेला साप घाबरलेला असतो. मडक्यातला साप निवांत असतो. इरुळांच्या या शहाणपणाची दखल सरकारनं उशिरा का होईना घेतली: वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन या दोन सर्पज्ञांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली.

इरुळांची संस्था उभी राहिली त्याच सुमारास पुण्यात अगदी उलट प्रयोग झाला. जानेवारी 1980 मध्ये नीलिमकुमार खैरे हे तरुण काचेच्या केबिनमध्ये 72 सापांबरोबर 72 तास राहिले. त्यात बहुतेक साप विषारी होते. खैरे सुखरूप बाहेर आले आणि त्यांचं नाव गिनीज बुकात गेलं. साप डूख धरतो, दिसेल त्याला डसतो, या समजुतीला या एका घटनेनं जेवढा धक्का दिला तेवढा शंभर व्याख्यानांनी दिला नसता. खैऱ्यांच्याच पुढाकारानं 1986 मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं आणि महाराष्ट्रात सर्पमित्रांची एक पिढी तयार झाली. मात्र त्या केबिनवरून साप एकत्र सुखानं राहतात असा निष्कर्ष कोणी काढला तर तो चुकेल. अनोळखी जागी टाकलेला, बिचकलेला साप खाणंपिणं सोडून कोपरा धरतो. तीन दिवसांत भूकही लागत नाही आणि रोगही दिसत नाही.

रोगाचा सगळ्यात मोठा धडा पाश्चात्त्य देशांतल्या हौशी लोकांना मिळाला. 1970 च्या दशकापासून बोआ आणि अजगरांमध्ये एक चमत्कारिक आजार दिसू लागला. साप खाल्लेलं ओकतो, त्याचा तोल जातो, मान वर करून आढ्याकडे पाहत राहतो आणि मरतो. कारण सापडायला 2012 साल उजाडलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यामागचा विषाणू शोधून काढला. बोआ हा विषाणू वर्षानुवर्षं अंगात बाळगून धडधाकट दिसतो, अजगर मात्र झपाट्यानं खचतो. दोघं एका पेटीत ठेवले तर काय होईल, हे सांगायला नको. तोवर पाळीव सापांचा मोठा बाजार उभा राहिला होता आणि पैदास करणाऱ्यांनी प्लास्टिकच्या खणांची कपाटं आणली होती: प्रत्येक खणात एक साप. रोगाच्या दृष्टीनं हे ठीक. पण सापाला धड सरळही होता येणार नाही इतका खण लहान असेल तर त्याला सोय म्हणता येत नाही. एकटं ठेवणं म्हणजे कोंडून ठेवणं, असा अर्थ कोणी काढू नये. भारतात देशी साप घरात पाळणं कायद्यानं गुन्हा आहे, आणि परदेशी प्रजातींच्या नोंदणीसाठी 2024 मध्ये नियम आले आहेत. तरी शहरांत बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक पाळणारी घरं आहेत, आणि हा प्रश्न त्यांच्याही दिवाणखान्यातला आहे.

एवढं झाल्यावर विज्ञानानं एक वळण घेतलं. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात नार्सिस इथं चुनखडीच्या खड्ड्यांत दर हिवाळ्यात हजारो गार्टर साप एकत्र झोपतात. गोठणाऱ्या जमिनीखाली पोचणाऱ्या फटी मोजक्याच, म्हणून ही गर्दी, असं समजलं जाई. मग 2004 मध्ये अमेरिकी संशोधक रुलॉन क्लार्क यांना दिसलं की एकमेकींपासून दूर वाढवलेल्या खुळखुळ्या सापांच्या सख्ख्या बहिणी परक्या माद्यांपेक्षा जास्त जवळ बसतात. 2020 मध्ये ऑन्टॅरिओत मॉर्गन स्किनर आणि नोआम मिलर यांनी 40 तरुण गार्टर साप घेतले, डोक्यावर रंगाचे ठिपके देऊन ओळख पटवली आणि दहा-दहांच्या गटांत सोडले. प्रत्येक आवारात चार आसरे होते. रोज दोनदा सगळ्यांना बाहेर काढून जागा साफ केली जाई आणि साप मुद्दाम अदलाबदल करून ठेवले जात. थोड्या वेळानं बरेचसे साप पुन्हा आपल्या नेहमीच्या सोबत्यांजवळ जाऊन बसत.

म्हणजे काही सापांना सोबत हवी असते, आणि तीही ठरावीक सापाची. मात्र त्या आवारात चार आसरे होते, नको असलेल्या शेजाऱ्यापासून उठून जायची मोकळीक होती. घरातल्या दोन फुटी पेटीत ती नसते. गार्टर साप गटानं पाळणारे जाणकार आज एकाच जातीचे आणि सारख्या आकाराचे साप निवडतात, नव्या सापाला आधी वेगळा ठेवतात, सापांपेक्षा आसरे जास्त देतात, आणि जेवणाच्या वेळी प्रत्येकाला उचलून आपापल्या डब्यात नेतात. अजगर, बोआ, नाग, मण्यार यांच्यासाठी मात्र नियम बदललेला नाही: एका पेटीत एक.