कामाचे दोन नकाशे

कल्याण-अहिल्यानगर रस्त्याने आळेफाट्यावरून पूर्वेला निघाले, की घाट चढून आपण आणे गावी पोहोचतो. जुन्नर तालुक्याचे हे पठार कमी पावसाचे. येथील रंगदासस्वामींच्या पुण्यतिथी उत्सवात हजारो लोक आमटी-भाकरीचा प्रसाद घेतात. आमटी मोठमोठ्या कढयांत एका जागी शिजते. बाजरीच्या भाकरी मात्र घरोघरी भाजल्या जातात आणि मग उत्सवाच्या जागी गोळा होतात.

समजा, हे काम कसे चालते ते कागदावर मांडायचे आहे. एकजण पीठ, सरपण, भाकरी यांच्या वाटा बाणांनी दाखवील. दुसरा वेगळेच प्रश्न विचारील: कोणत्या घराने किती पीठ घ्यायचे हे कोण ठरवते? एखाद्या घरी सुतक आले तर त्या घरच्या भाकरी कोण करते? पहिला नकाशा वस्तूंचा, दुसरा माणसांचा. प्रणाली-विश्लेषणाच्या शास्त्रात या दोन्ही नकाशांना स्वतंत्र इतिहास आहे.

वस्तूंचा नकाशा आधी आला. फ्रेडरिक टेलर यांचे शास्त्रीय व्यवस्थापनावरील पुस्तक १९११ साली निघाले. कामाचे बारीक तुकडे करायचे, प्रत्येकाला लागणारा वेळ मोजायचा आणि उत्तम रीत ठरवून द्यायची, ही त्यांची पद्धत. फ्रँक व लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९२१ साली अमेरिकेतील यंत्र-अभियंत्यांपुढे कामाचा प्रवाह-आलेख मांडला. क्रिया, वाहतूक, तपासणी, खोळंबा आणि साठवण या पाच गोष्टींची प्रमाण चिन्हे १९४७ साली ठरली. पुढे संगणकाच्या कार्यक्रमांची आखणी करणाऱ्यांनी वस्तूऐवजी माहिती कोठून कोठे जाते हे बाणांनी दाखवले. पण कल्पना तीच.

दुसऱ्या नकाशाची गरज इंग्लंडमधील कोळशाच्या खाणींत भासली. तेथे पूर्वी दोन-तीन जणांची टोळी कोळसा फोडण्यापासून भरण्यापर्यंतचे सारे काम करी आणि आपले जोडीदार स्वतः निवडी. यंत्रे आल्यावर चाळीस-पन्नास माणसे तीन पाळ्यांत विभागली गेली आणि प्रत्येकाकडे एकच तुकडा आला. एका पाळीचे काम अर्धवट राहिले की पुढची पाळी अडे. यंत्रे सुधारली, पण उत्पादन अपेक्षेइतके वाढेना आणि गैरहजेरी वाढली. एरिक ट्रिस्ट आणि स्वतः अनेक वर्षे खाणीत काम केलेले केन बॅमफोर्थ यांनी १९५१ साली याचे कारण दाखवून दिले: तंत्र बदलताना माणसांची घडी मोडली होती.

हाच विचार लवकरच भारतात पारखला गेला. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग आले होते, पण अपेक्षित फळ मिळत नव्हते. माग तेच ठेवून १९५३ साली ए. के. राइस यांच्या सल्ल्याने कामगारांचे छोटे गट केले गेले आणि प्रत्येक गटाकडे ठरावीक मागांची पूर्ण जबाबदारी आली. उत्पादन वाढले, खराब कापड कमी झाले.

आता हे दोन्ही नकाशे एकाच कामावर ठेवून पाहू. मुंबईच्या डबेवाल्यांपैकी पुष्कळजण जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या तालुक्यांतले. महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली सुरू केलेला हा व्यवसाय. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डच्या एका अभ्यासानुसार तेव्हा सुमारे ५,००० माणसे रोज १ लाख ३० हजार डबे पोहोचवून परत आणीत.

वस्तूंच्या नकाशात काय दिसते? डब्यावरच्या रंगीत खुणा व आकडे: डबा कोणत्या स्थानकावरून निघाला, कोणत्या स्थानकावर उतरेल, कोणती इमारत, कितवा मजला. पत्ता लिहिण्याची गरजच नाही. लोकल मोठ्या स्थानकावर ४० सेकंद थांबते, मधल्या स्थानकावर २०. तेवढ्यात डब्यांची पाटी चढली पाहिजे.

माणसांच्या नकाशात दिसतात ते १५ ते २५ जणांचे गट. प्रत्येक गट आपला कारभार आपण पाहतो, मिळकत वाटून घेतो. गरजेपेक्षा दोन-तीन माणसे जास्त ठेवलेली असतात आणि बहुतेकांना सगळी कामे येतात. एखादा आजारी पडला तर त्याची वाट दुसरा चालतो. ही तरतूद प्रवाह-आलेखात शोधली तर ‘जादा मजूर’ म्हणून खोडली जाईल. प्रत्यक्षात वेळ पाळली जाते ती तिच्याच जोरावर.

‘दीड कोटींहून अधिक डब्यांत एक चूक’ हे वाक्य आपण ऐकले असेल. ते कोणत्याही मोजणीतून आलेले नाही. ‘फोर्ब्स’ मासिकाने १९९८ साली या कामाविषयी लेख छापला, परंतु कसलेही प्रमाणपत्र दिले नव्हते. आकडा मोहक असतो. तो कशामुळे शक्य झाला हे मात्र त्यातून कळत नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, लोकल थांबल्या, कचेऱ्या बंद झाल्या. अनेक डबेवाले गावी परतले. पुढे गाड्या सुरू झाल्या, खुणांची पद्धत तर जशीच्या तशी होती; तरीही डबे आणि डबेवाले पूर्वीइतके राहिले नाहीत. ग्राहक गेले आणि वर्षानुवर्षे जुळलेले गट विस्कटले. खूण पुन्हा रंगवता येते, गट मात्र नव्याने जमवावा लागतो. अर्थात, नुसत्या एकोप्यानेही भागत नाही. खुणा नसतील तर कितीही मनमिळाऊ गट हजारो डब्यांत हरवून जाईल.

वर्गात हे करून पाहता येईल. शाळेतील पोषण आहाराचे दोन नकाशे मुलांकडून काढून घ्या. पहिल्यात तांदळाच्या पोत्यापासून ताटापर्यंतची वाट आणि नोंदवहीपर्यंत जाणारे आकडे. दुसऱ्यासाठी मुलांनी स्वयंपाक करणाऱ्या ताईंना विचारावे: गॅस मधेच संपला तर काय करता? तुम्ही आला नाहीत तर कोण येते? नोंदी भरणाऱ्या गुरुजींनाही विचारावे, की त्या वेळी त्यांचा वर्ग कोण सांभाळते? पहिला नकाशा बहुधा एका तासात पुरा होईल. दुसऱ्याला आठवडा लागेल, आणि बदल कोठे करायला हवा हे बहुतेक वेळा त्यातच सापडेल.