मोबाइलवरचं कार्टून इंग्रजी वाचायला शिकवेल का?

आई-बाबा हिंजवडीहून पुनावळ्यात घरी येईपर्यंत मुलं मोबाइलवर कार्टून पाहतात. त्याच वेळात इंग्रजी वाचनाचा सरावही होऊ शकतो. त्यासाठी आवाज आणि खालची अक्षरं, दोन्ही इंग्रजीच हवीत. मराठी कॅप्शनमुळे गोष्ट समजते. पण ऐकलेला शब्द इंग्रजीत कसा लिहितात, हे दिसत नाही.

आयआयएम अहमदाबादमध्ये प्राध्यापक राहिलेले ब्रिज कोठारी यांना १९९६ मध्ये हीच कल्पना सुचली. पुढे दूरदर्शनच्या 'चित्रहार'मध्ये हिंदी गाण्यांखाली हिंदी ओळी दिसू लागल्या.

यूट्यूबवर 'सीसी' बटण दाबा. 'ऑटो-जनरेटेड' कॅप्शनमध्ये चुकीचे शब्द येतात, ती शक्यतो टाळा. एकच छोटी गोष्ट दोन-तीनदा दाखवा. मध्येच थांबवून एखादा शब्द मुलाला मोठ्याने वाचायला सांगा.