मेघनेच्या काठी: मनाचा कौल कधी मानावा?



मागच्या महिन्यात व्याख्यान संपल्यावर एका तरुणाने मला गाठलं. म्हणाला, "सर, मोठे सेनापती मनाचा कौल ऐकूनच निर्णय घेतात ना? मग आम्ही का घेऊ नये?" त्याला नोकरी सोडून धंदा सुरू करायचा होता. मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. उत्तर आज देतो. त्यासाठी १९७१ च्या डिसेंबरातले मोजके दिवस आणि एक माणूस पुरेसा आहे: लेफ्टनंट जनरल सगतसिंह.

आधी हा माणूस कोण ते सांगतो. १९६१ च्या गोवा मोहिमेत ५० पॅरा ब्रिगेडचे प्रमुख तेच होते. उत्तरेकडून येणाऱ्या त्यांच्या ब्रिगेडला काम दुय्यम होतं, तरी १९ डिसेंबरला पणजीत शिरल्या त्या त्यांच्याच तुकड्या. १९६५ मध्ये सिक्कीमच्या सीमेवर चीनने दम भरला, तेव्हा नथू ला सोडायला त्यांनी नकार दिला. १९६७ ची चकमक त्याच खिंडीत झाली आणि आपण भारी पडलो. म्हणजे १९७१ मध्ये चौथ्या कोअरची सूत्रं हातात होती, तेव्हा या गृहस्थाच्या गाठीशी तीस वर्षांची नोकरी होती.

७ डिसेंबरला त्यांनी गुरखा पलटण ४/५ हेलिकॉप्टरने सिल्हेटजवळ उतरवली. सिल्हेटमधली पाकिस्तानी फौज बरीचशी निघून गेली असावी, असा अंदाज होता. तो साफ चुकला. तिथली ब्रिगेड जागेवरच होती, शिवाय मौलवीबाजारहून मागे हटलेली दुसरीही येऊन मिळाली. काही शे गुरखे, सोबत जेमतेम रसद, आणि समोर हजारोंची फौज. आठवडाभराहून जास्त काळ ते चिवटपणे लढत राहिले. शेवटी सिल्हेटची सगळी फौज शरण आली. ती तिथे अडकल्यामुळे ढाक्याच्या मदतीला जाऊ शकली नाही, हा फायदा झाला खरा. पण अंदाज चुकल्याची किंमत गुरख्यांनी रक्ताने मोजली. हे विसरून चालणार नाही.

आता दोनच दिवसांनंतरचं पाहा. ९ डिसेंबरला माघार घेणाऱ्या पाकिस्तान्यांनी आशुगंजचा रेल्वेपूल उडवला. समोर अफाट मेघना. चौथ्या कोअरला नेमून दिलेलं काम नदीपर्यंतच होतं, ढाका त्यात नव्हतंच. सगतसिंहांनी ठरवलं, पूल नसला तर नसू दे, हवेतून जाऊ. ग्रुप कॅप्टन चंदनसिंह यांच्या मोजक्या एमआय-४ हेलिकॉप्टरांनी फेऱ्यांवर फेऱ्या मारून ३११ ब्रिगेडचे जवान रायपुऱ्याला आणि मग नरसिंगदीला उतरवले. रात्रीसुद्धा. गावकऱ्यांच्या होड्यांतून सामान आलं. भैरव बाजारची शत्रूची फौज तशीच बाजूला अडकवून ठेवली. आठवड्यात आपलं सैन्य ढाक्याच्या वेशीवर होतं आणि १६ तारखेला शरणागती झाली.

माणूस तोच, हेलिकॉप्टर तीच, धाडसही तेच. मग एक अंदाज फसला आणि दुसरा खरा का ठरला?

माझं उत्तर साधं आहे. सिल्हेटमध्ये काय आहे ते त्यांना दुसऱ्यांकडून कळलं होतं. मेघना त्यांनी स्वतः पाहिली होती. ते रोज हेलिकॉप्टरमधून आघाडीवर फिरायचे. अशाच एका पाहणीत त्यांच्या हेलिकॉप्टरवर गोळ्यांचा वर्षाव झाला आणि वैमानिक जखमी झाला. तरी फिरणं थांबलं नाही. नदीचा पलीकडचा काठ मोकळा आहे हे डोळ्यांनी पाहिलेलं, आणि छत्रीधारी सैनिकांचं नेतृत्व केल्यामुळे हवेतून उतरलेल्या तुकडीला काय जमतं हे अंगवळणी पडलेलं. बाहेरच्याला तो जुगार वाटला. त्यांच्यासाठी ती ओळखीची वाट होती.

आता माझी गोष्ट. कॅप्टन असताना एका डोंगराळ ठाण्यावर मी नवा होतो. आमच्याकडे सामान वाहणारा एक हमाल माझ्याशी नजर मिळवेना. माझं मन म्हणालं, हा खबऱ्या आहे. मी त्याला दिवसभर बसवून ठेवलं. संध्याकाळी सुभेदार साहेबांनी त्याच्याच बोलीत विचारलं, तेव्हा कळलं की त्याच्या हातून रॉकेलचा डबा दरीत पडला होता आणि पगार कापला जाईल या भीतीने तो गप्प होता. मी त्याची माफी मागितली. सुभेदार साहेब एवढंच म्हणाले, "साहेब, अजून इथली माणसं तुमच्या ओळखीची नाहीत." त्या दिवशी जो मला मनाचा कौल वाटला, तो माझा अडाणीपणा होता. दोघांचा आवाज अगदी सारखा असतो, हीच अडचण आहे.

तेव्हा त्या तरुणाला माझं सांगणं एवढंच. मित्रा, मनाचा कौल जरूर ऐक, पण आधी त्याला विचार, तू ही नदी स्वतः पाहिली आहेस का? त्या धंद्यात सहा महिने कुणाच्या हाताखाली राब. माल, गिऱ्हाईक, उधारी डोळ्यांनी बघ. त्यानंतरही मन 'जा' म्हणालं, तर पूल नाही म्हणून काठावर थांबू नकोस.

जय हिंद.