मिलिंग यंत्राच्या उभ्या अक्षाचे मोटारीकरण

जुन्या, हाताने चालवायच्या मिलिंग यंत्राचे टेबल वर-खाली नेण्यासाठी हँडलच्या जागी किंवा हँडलच्या जोडीला विद्युत मोटार बसवणे, यास उभ्या अक्षाचे मोटारीकरण म्हणतात. टेबलाच्या डाव्या-उजव्या गतीस एक्स, पुढच्या-मागच्या गतीस वाय आणि उभ्या गतीस झेड अक्ष अशी नावे आहेत. पहिल्या दोन अक्षांवर मोटारीला मुख्यतः घर्षण व कापण्याचा विरोध यांवर मात करावी लागते. उभ्या अक्षावर मात्र तिला टेबलाचे वजनही पेलावे लागते. म्हणून वीज गेल्यावर हे वजन कशाच्या आधारावर थांबेल, हा या कामातील पहिला प्रश्न ठरतो.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट शहरात १९३८ पासून बनू लागलेले ब्रिजपोर्ट यंत्र हे या प्रकाराचे प्रसिद्ध उदाहरण होय. त्याच्या उभ्या खांबावर सरकणारा जो भाग टेबलाचा भार वाहतो, त्याला ‘नी’ म्हणजे गुडघा म्हणतात. समोरचे हँडल फिरवले की बेव्हल गिअरमार्फत उभा स्क्रू फिरतो आणि ‘नी’ वर किंवा खाली सरकते. इंची मापाच्या यंत्रात हँडलच्या एका फेऱ्यात ०.१ इंच, म्हणजे २.५४ मिलिमीटर उंची बदलते. त्यामुळे १० इंच उंची बदलण्यास १०० फेरे द्यावे लागतात. लांब ड्रिल काढून आखूड कटर लावताना हे श्रम वारंवार करावे लागतात व कारागिराचा खांदा भरून येतो.

मोटार बसवण्याच्या जागा

मोटार ‘नी’ला किंवा क्विलला जोडता येते. क्विल म्हणजे कटर फिरवणाऱ्या स्पिंडलसह वर-खाली सरकणारी नळी. ती हलकी असल्याने लहान मोटारीने चालते आणि छिद्रे पाडण्यास सोयीची असते. परंतु ब्रिजपोर्टमध्ये तिची चाल सुमारे ५ इंचच आहे. ‘नी’ची चाल त्याहून बरीच अधिक असते, मात्र तिच्यासोबत सॅडल, टेबल, शिकंजा व जॉब यांचे वजन उचलावे लागते.

मोटारीची निवड

उचलायचे एकूण वजन २५० किलोग्रॅम धरल्यास, घर्षण नसताना हँडलच्या दांड्यावर सुमारे १ न्यूटन-मीटर पीळ पुरेल. स्क्रूची कार्यक्षमता २५ टक्के मानली, तर तो ४ न्यूटन-मीटर होतो. दात असलेल्या पट्ट्याने १:३ प्रमाणात गती कमी केल्यास मोटारीवर सुमारे १.३ न्यूटन-मीटर भार येतो. पट्टी घट्ट बसणे, वंगण सुकणे अशा कारणांसाठी याच्या दुप्पट क्षमता ठेवणे हिताचे असते. स्टेपर मोटारीचा पीळ वेग वाढताच घटतो; म्हणून तिची क्षमता स्थिर अवस्थेत नव्हे, तर प्रत्यक्ष वेगाला पाहावी लागते. केवळ श्रम वाचवायचे असल्यास वेग बदलता येणारी गिअर मोटार पुरते. संगणकाकडून नियंत्रण हवे असल्यास स्टेपर किंवा सर्व्हो मोटार लागते.

वजन थांबवणे

जुन्या यंत्रांतील साधा स्क्रू बहुधा स्वतः अडून राहणारा असतो: त्याची कार्यक्षमता ५० टक्क्यांहून कमी असल्याने वजनामुळे तो उलटा फिरत नाही. त्याजागी बॉल स्क्रू बसवल्यास घर्षण घटते व मोटार लहान चालते. पण वीज जाताच टेबल खाली घसरू शकते. अशा वेळी वीज बंद होताच आवळला जाणारा ब्रेक आवश्यक ठरतो. भार हलका करण्यासाठी प्रतिवजन किंवा गॅस स्प्रिंगही लावतात.

अचूकता

वजन स्क्रूच्या आट्यांची एकच बाजू सतत दाबून ठेवते, त्यामुळे नटातील मोकळीक सहसा जाणवत नाही. तथापि पट्टी घट्ट असेल तर खाली येणारी ‘नी’ अडखळते व नंतर एकदम बसते. म्हणून अंतिम माप नेहमी खालून वर येत गाठावे. झिजलेल्या स्क्रूवर मोटारीच्या फेऱ्यांवरून काढलेली उंची चुकू शकते; खांबालगत बसवलेली मापपट्टी खरी उंची दाखवते.

सुरक्षितता

मोटार चालू असताना हँडल सोबत फिरल्यास हाताला इजा होते. म्हणून स्प्रिंगने आपोआप सुटणारे हँडल वापरतात. चालीच्या दोन्ही टोकांना लिमिट स्विच लावतात आणि तार तुटली तरी मोटार थांबेल अशी त्यांची जोडणी करतात. मात्र हे स्विच जॉब कटरवर आदळणे टाळू शकत नाहीत. त्यासाठी दाबून धरले तरच चालणारे बटण व हाताशी असलेला आपत्कालीन थांबा उपयोगी पडतो. टेबल हलवण्यापूर्वी ‘नी’चे कुलूप सैल करावे लागते, अन्यथा पट्टा किंवा गिअर तुटतो. आडवे कापताना मात्र ते पुन्हा आवळावे, कारण कंपनाने अडलेला स्क्रूही हळूहळू सरकू शकतो.

मर्यादा

मोटारीमुळे श्रम वाचतात, परंतु झिजलेला खांब, सैल पट्टी किंवा खराब नट यांचे दोष दूर होत नाहीत. त्यामुळे सफाई, वंगण आणि पट्टीची जुळणी ही कामे मोटार बसवण्यापूर्वी करतात. हँडल पूर्ण चालीत हाताने सारख्या जोराने फिरत नसेल, तर ते यंत्र मोटारीसाठी अद्याप तयार नाही असे समजले जाते.