अंटार्क्टिक हरिता

अंटार्क्टिका खंडावर व लगतच्या बेटांवर वाढणाऱ्या लहान, अपुष्प वनस्पती, मॉस. (पहा : शेवाळी). येथे देशी सपुष्प वनस्पती दोनच, हरितांच्या जाती मात्र शंभरावर आहेत.

उगम : सु. 20,000 वर्षांपूर्वी, अखेरच्या हिमयुगाच्या ऐन भरात, येथील बहुतेक भूमी बर्फाखाली होती. त्यामुळे सर्व हरिता नंतर वाऱ्याबरोबर आलेल्या बीजुकांतून उगवल्या, असा समज होता. डीएनएच्या तुलनेने तो टिकला नाही. फरसबंदीच्या फटींतही दिसणारी रुपेरी ब्रायम अर्जेंटियम येथे एकाहून अधिक वेळा पोचली आणि हिमयुगांतही तगून राहिली, असे दिसते. (पहा : हिमयुग). याउलट कोरिसोडोंटियम ॲसिफिलमच्या येथील व दक्षिण अमेरिकेतील समूहांत जननिक फरक अत्यल्प आहे. ती अलीकडे आली असावी.

लक्षणे : अनेक जातींत बीजुके क्वचितच धरतात, प्रसार मुख्यतः तुटलेल्या तुकड्यांतून होतो. (पहा : अलैंगिक प्रजोत्पादन).

महत्त्व : साउथ ऑर्कनी समूहातील सिग्नी बेटावर या कोरिसोडोंटियमचे जाड थर गोठून राहिले आहेत. तेथे 1 मी. पेक्षा खोलवरून काढलेल्या, सु. 1,500 वर्षे जुन्या खोडांना प्रयोगशाळेत काही आठवड्यांतच हिरवे कोंब फुटले. हे निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले.